संदर्भयादीच्या सॉफ्टवेअरमध्ये इटॅलिक राहतं आणि अंडरलाइन जाते, ती का?

एखाद्या शोधनिबंधाच्या शीर्षकात १० चा सहावा घात आहे असं समजा. छापील पानावर तो १० आणि त्याच्या डोक्यावर बारीक ६ असा दिसतो. हेच शीर्षक कुणी साध्या मजकुरात चिकटवलं की डोक्यावरचा ६ खाली ओळीत उतरतो आणि १०६ उरतात. दहा लाखांचे एकशे सहा झाले. शब्द चुकला असता तर संगणकानं खाली लाल रेघ तरी मारली असती. इथे तीही सोय नाही, कारण १०६ हा आपल्या जागी धडधाकट आकडा आहे. प्रबंध गाईडच्या हातून जातो, परीक्षकांच्या हातून जातो, आणि १०६ तसेच राहतात.

संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर सजवण्याची कोणती साधनं ठेवायची आणि कोणती काढून टाकायची, हा प्रश्न अशा ठिकाणी जन्माला येतो. वर्डच्या सवयीचा माणूस झोटेरो नावाचं असं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडतो तेव्हा त्याला धक्का बसतो. शीर्षकाचा रकाना दिसतो, पण बोल्ड, इटॅलिक, अंडरलाइन, रंग, फाँट यांची ती ओळखीची पट्टी त्याच्या डोक्यावर नसते. "एवढं मोठं सॉफ्टवेअर, आणि साधी अंडरलाइन करता येत नाही?" ही तक्रार पीएचडी करणाऱ्या मुलांकडून नेहमी ऐकायला मिळते. खरं तर ती पट्टी करायला राहून गेलेली नाही, ती विचार करून टाळलेली आहे.

झोटेरो, मेंडेली, एंडनोट, जॅबरेफ ही सगळी सॉफ्टवेअर मुळात नोंदवह्या आहेत. प्रत्येक पुस्तकाची किंवा लेखाची एक नोंद, आणि नोंदीत रकाने: लेखक, शीर्षक, वर्ष, नियतकालिक, खंड, पानं. यादी छापायची वेळ आली की सॉफ्टवेअर हे रकाने एका शैलीच्या, म्हणजे यादी कशी दिसावी याच्या नियमांच्या हवाली करतं. एपीए, एमएलए ही अशाच शैलींची नावं. एपीए म्हणते वर्ष कंसात आणि लेखकाच्या लगेच नंतर. एमएलए वर्ष शेवटाकडे नेते. 'नेचर'ला खंड क्रमांक ठळक हवा. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकांत वर्ष ठळक आणि खंड तिरका. झोटेरो, मेंडेली यांच्या शैली ज्या भाषेत लिहिलेल्या असतात तिला सीएसएल म्हणतात. ब्रूस डार्कस यांनी ती सुरू केली आणि आज तिच्या भांडारात दहा हजारांहून अधिक शैली आहेत. नोंद एकच, पण हजारो तऱ्हांनी छापता येते.

आता तुम्ही हौसेनं खंडाच्या रकान्यात आकडा हातानं ठळक केलात, तर 'नेचर'साठी ठीक दिसेल. उद्या तोच लेख एपीएवाल्या नियतकालिकाकडे पाठवायची वेळ आली की तो ठळकपणा तिथेही सोबत जाईल आणि तुम्हाला एकेक नोंद उघडून तो पुसत बसावं लागेल. लग्नाच्या पाहुण्यांची यादी करताना आपण त्यात फक्त नावं लिहितो, पत्रिकेवरचा सोनेरी ठसा छापखान्यावर सोडतो. इथेही तसंच आहे. सजावट शैलीची, नाव नोंदीचं.

मग शीर्षकाच्या रकान्यात काहीच सजावट नको, असं म्हणून मोकळं होता येईल का? नाही, कारण १०६ चा घोळ सुटत नाही. काही सजावट अशी असते की ती काढली तर अर्थच बदलतो. म्हणून एखादं साधन ठेवायचं की नाही हे ठरवताना मी दोन प्रश्न विचारतो. ही सजावट काढली तर शीर्षक चूक ठरतं का? आणि ती सजावट शैलीला स्वतःहून कळू शकते का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असेल तरच ते साधन नोंदीत हवं. दुसरा प्रश्न लोक विसरतात, आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. पुस्तकाचं नाव तिरकं छापायचं हे शैलीला कळतं, कारण 'हे पुस्तक आहे' असं नोंदीतच लिहिलेलं असतं. पण त्या नावातले मधले दोन शब्द म्हणजे एका प्राण्याचं शास्त्रीय नाव आहे, हे तिला कोण सांगणार?

इटॅलिक टिकलं ते या दुसऱ्या प्रश्नामुळे. प्राणी-वनस्पतींची द्विपद शास्त्रीय नावं तिरकी छापायचा संकेत आहे. आपल्या राज्यप्राण्याचं, शेकरूचं नाव घ्या: रातुफा इंडिका. एखाद्या निबंधाच्या इंग्रजी शीर्षकात 'भीमाशंकर अभयारण्यातील रातुफा इंडिकाची घरटी' असं असेल तर ते दोन शब्द तिरके आणि बाकीचे सरळ हवेत. जनुकांच्या बाबतीत तर प्रकरण आणखी नाजूक आहे. बीआरसीए१ ही अक्षरं तिरकी असतील तर माणसाचं जनुक, सरळ असतील तर त्या जनुकापासून बनणारं प्रथिन. अक्षरं तीच, आकडा तोच. फरक फक्त कलण्याचा.

आणि यातली खरी गंमत पुढे आहे. समजा शेकरूवरचं ते शीर्षक लेखाचं नसून अख्ख्या पुस्तकाचं आहे. एपीएमध्ये पुस्तकाचं नाव आधीच तिरकं. मग तिरक्यात तिरकं कसं दाखवायचं? संकेत असा की आतलं तिरकं उलटं फिरवून सरळ करायचं. सीएसएल वापरणारी सॉफ्टवेअर हे आपणहून करतात. तुम्ही नोंदीत फक्त 'हे दोन शब्द वेगळे आहेत' एवढी खूण कोनी कंसांत लिहून करता. लेखाच्या शीर्षकात ते तिरके येतात, पुस्तकाच्या शीर्षकात सरळ. वर्डमध्ये हातानं तिरके केलेले शब्द असं स्वतःहून वळत नाहीत, शैली बदलली की ते एकेक शोधून सरळ करावे लागतात. नोंदीतल्या इटॅलिकचा अर्थ 'भोवतालच्या मजकुरापेक्षा वेगळं' असा आहे, 'तिरकं' असा नाही. हे एकदा लक्षात आलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

वर चढणारं आणि खाली उतरणारं अक्षर, म्हणजे सुपरस्क्रिप्ट आणि सबस्क्रिप्ट, यांच्याबद्दल वाद नाहीच. घातांक, समस्थानिकं, रासायनिक सूत्रं, सगळं त्यांच्यावर उभं आहे. कार्बन डायऑक्साइडच्या सूत्रातला २ ओळीत आला तरी वाचणारा समजून घेतो, पण १० चा सहावा घात समजून घेता येत नाही. इथे कुणी म्हणेल की युनिकोडमध्ये बारीक चढवलेले अंक स्वतंत्र अक्षरं म्हणून आहेतच, ती टाइप करा, सजावटीची गरज काय? इंग्रजी अंकांपुरतं हे खरं आहे. अक्षरांच्या बाबतीत मात्र सगळी चढलेली किंवा उतरलेली रूपं तिथे नाहीत. आणि देवनागरी अंकांचं काय? घातांकासारखा वापरता येईल असा चढवलेला देवनागरी ६ युनिकोडमध्ये नाही. अक्षराच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक आहेत, पण ते सामवेदाच्या स्वरांसाठी आहेत, बीजगणितासाठी नव्हेत. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्याला हे बटण इंग्रजीत लिहिणाऱ्यापेक्षा जास्त लागतं.

स्मॉल कॅप्स, म्हणजे आकार कॅपिटलचा पण उंची लहान अक्षराची, हे साधन वरवर पाहता चैनीचं वाटतं. युरोपातल्या पुष्कळ संदर्भयाद्यांत लेखकाचं आडनाव असं छापतात, पण ते काम शैलीचं आहे, त्यासाठी नोंदीत काही करावं लागत नाही. तरीही झोटेरोनं हे साधन शीर्षकासाठी ठेवलंय, कारण ग्लुकोजसारख्या रेणूच्या नावापुढचा 'डी' किंवा 'एल' रसायनशास्त्रात स्मॉल कॅप्समध्ये लिहितात. तो रेणूची डावी-उजवी घडण सांगतो. खगोलशास्त्रात वर्णपट वाचणारे लोक अणूचं आयनीभवन दाखवणारे रोमन अंकही असेच छापतात. वापरणारे थोडे, पण त्यांना दुसरा मार्ग नाही.

बोल्डबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. झोटेरोच्या चालणाऱ्या खुणांत बोल्ड आहे. गणितात सदिश ठळक अक्षरानं दाखवतात, म्हणून एखाद्या शीर्षकात ते लागू शकतं, हे मान्य. पण व्यवहारात शीर्षकाच्या रकान्यात बोल्ड दिसलं तर बहुतेक वेळा ते कुठल्या तरी वेबसाइटवरून चिकटून आलेलं असतं. मी सॉफ्टवेअर बनवत असतो तर ते चालू दिलं असतं, पण त्याला बटण दिलं नसतं. बटण दिसलं की माणूस दाबतो.

अंडरलाइनचा निकाल सगळ्यात सोपा आहे. ती टाइपरायटरच्या काळातली इटॅलिकची बदली होती. टाइपरायटरला तिरकं अक्षर नव्हतं, म्हणून शब्दाखाली रेघ मारायची, आणि छापखान्यातला जुळारी ती रेघ बघून तिरके खिळे लावायचा. एमएलएनं २००९ च्या सातव्या आवृत्तीत अंडरलाइन सोडून इटॅलिक घेतलं. इटॅलिक असताना अंडरलाइन ठेवली तर एकाच गोष्टीच्या दोन खुणा होतात, आणि अर्धे लोक एक वापरतील, अर्धे दुसरी. जिथे अंडरलाइन हवी आहे अशी एखादी जुनी शैली असेलच, तर ती शैलीच्या फायलीत लिहिता येते.

खोडलेल्या अक्षराचं उदाहरण मला मजेशीर वाटतं. तत्त्वज्ञानात हायडेगर आणि त्याच्यामागून देरिदा यांनी शब्द लिहून त्यावर फुली मारायची पद्धत वापरली: शब्द अपुरा आहे, पण त्यावाचून चालतही नाही. असा शब्द शीर्षकात आला तर ती फुली अर्थाचा भाग आहे, आणि शैलीला ते कळणं शक्य नाही. माझ्या दोन्ही प्रश्नांत तो पास होतो! तरीही हे साधन झोटेरोच्या शीर्षकात चालत नाही. कारण तिसरा एक हिशेब असतो: किती जणांना लागेल, आणि त्याची किंमत किती?

ही किंमत बाहेरून दिसत नाही. शीर्षकात एक खूण घातली की तिला सगळीकडे वाट काढून द्यावी लागते. शोधताना ती आडवी येता कामा नये. सूत्रातल्या २ च्या आजूबाजूला खुणा असतील आणि सॉफ्टवेअर त्या बाजूला काढून शोधत नसेल, तर साधं सूत्र टाइप करणाऱ्याला तो लेख सापडणारच नाही. अकारविल्हे लावताना शीर्षकाच्या सुरुवातीलाच इटॅलिकची खूण असेल तर ते शीर्षक 'र'मध्ये न जाता कोनी कंसाबरोबर यादीच्या टोकाला जाऊन बसू शकतं. दुहेरी नोंदी शोधताना एकाच लेखाच्या दोन नोंदी, एक खुणांसह आणि एक खुणांशिवाय, वेगळ्या वाटू शकतात. वर्डमध्ये, लिबरऑफिसमध्ये, वेबपानावर ती खूण योग्य तऱ्हेनं उमटली पाहिजे. आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी नेताना? बिबटेक ही लाटेक या मजकूर जुळवणाऱ्या प्रणालीसाठी संदर्भ साठवायची पद्धत. तिच्यात इटॅलिक आणि सुपरस्क्रिप्ट लिहायच्या लाटेकच्या आज्ञा आहेत, म्हणून तिथे भाषांतर होतं. आरआयएस ही नोंदी नेण्या-आणण्याची दुसरी पद्धत मात्र साधा मजकूर आहे: ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरांचा संकेत, पुढे माहिती. त्यात तिरक्या अक्षराची मुळात सोयच नाही. खुणा एकतर जशाच्या तशा कोनी कंसांसकट उतरतात, नाहीतर गळून पडतात. प्रत्येक नवं साधन म्हणजे या सगळ्या वाटांवर एकेक नवं काम. फुलीवाल्या शब्दासाठी एवढं कुणी करत नाही, आणि त्यात गैर काही नाही.

फाँट आणि रंग यांच्याबद्दल बोलायचं तर एंडनोटची आठवण काढावी लागते. हे १९८० च्या दशकाच्या अखेरीचं सॉफ्टवेअर. त्याच्या पट्टीत बोल्ड, इटॅलिक, चढतं-उतरतं अक्षर यांच्या जोडीला 'सिम्बॉल' फाँटचं बटण होतं. ग्रीक अल्फा हवा तर इंग्रजी 'ए' टाइप करायचा आणि तो सिम्बॉल फाँटमध्ये टाकायचा. पडद्यावर अल्फा दिसायचा, पण फायलीत खरं अक्षर 'ए'च. ती नोंद फाँटची माहिती न नेणाऱ्या मार्गानं दुसरीकडे गेली की अल्फाचा 'ए' आणि बीटाचा 'बी' व्हायचा. हे ऐकून मराठी वाचकाला नवल वाटायचं कारण नाही. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या फाँटांत टाइप केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची जी भेळ दिसते, तोच हा प्रकार. अर्थ अक्षरात न ठेवता फाँटच्या भरवशावर ठेवला की असंच होतं. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत ग्रीकही होती आणि देवनागरीही. अक्षर स्वतःच अल्फा म्हणून साठवता येऊ लागल्यावर त्या बटणाची गरज संपली. म्हणून साधन ठेवायचं का हे ठरवताना हेही पाहावं: हे काम एखादं खरं अक्षर करू शकतं का? करू शकत असेल तर बटण नको.

एक साधन असंही आहे जे काही सजवत नाही, उलट हात लावू नका म्हणून सांगतं. इंग्रजीत काही शैलींना शीर्षकातल्या महत्त्वाच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल लागतं, काहींना फक्त पहिल्या शब्दाचं. बिबटेक १९८५ पासूनचं. ओरेन पाताश्निक यांनी ते लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या लाटेकला जोडून केलं. त्याच्या पुष्कळ शैली लेखाच्या शीर्षकातलं पहिलं अक्षर सोडून बाकी सगळं लहान करून टाकतात. त्यात डीएनए हा शब्दही लहान लिपीत जातो. तो वाचवायचा तर त्याच्याभोवती महिरपी कंस घालायचा. झोटेरोत उलट दिशेची अडचण येते, म्हणून तिथे 'या शब्दाची अक्षरं बदलू नका' अशी वेगळी खूण आहे. रातुफा इंडिकामधल्या 'इंडिका'चं पहिलं अक्षर लहानच राहायला हवं. मात्र अख्खं शीर्षक इंग्रजी नसेल तर या खुणेची गरज पडू नये. नोंदीतल्या भाषेच्या रकान्यात मराठी असं घातलं की झोटेरो त्या शीर्षकाची इंग्रजी पद्धतीनं कॅपिटलं करायला जात नाही. रोमन लिपीत लिहिलेल्या मराठी पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्यांनी हा रकाना रिकामा ठेवू नये. परदेशी विद्यापीठांत मराठी साहित्यावर काम करणाऱ्यांच्या याद्यांमध्ये 'आणि', 'चा', 'ची' यांची पहिली अक्षरं उगाच कॅपिटल झालेली दिसतात, ती बरेचदा यामुळेच.

शीर्षकाच्या या काटेकोरपणाचा टिपणांशी संबंध नाही. टिपण म्हणजे वाचता वाचता तुम्ही स्वतःसाठी लिहिलेला मजकूर. ते कुठल्या शैलीतून जायचं नसतं, म्हणून तिथे हात सैल सोडता येतो. झोटेरोच्या सहाव्या आवृत्तीत, २०२२ मध्ये, टिपणांचा संपादक बदलला आणि प्रोजमिरर नावाच्या पायावर नवा बांधला. मारिन हावरबेके यांचं हे प्रोजमिरर एका यादीवर चालतं: मजकुरात काय काय असू शकतं, मथळा, परिच्छेद, यादी, अवतरण, दुवा, ठळक, तिरकं, ते आधीच जाहीर करायचं. यादीत नसलेलं काही आत शिरू शकत नाही. वेबसाइटवरून परिच्छेद उचलून चिकटवला तर त्याच्याबरोबर आलेला चौदा आकाराचा फाँट दारातच गळतो, मथळा आणि दुवा आत येतात. पहिल्यांदा हे पाहून "माझं फॉरमॅटिंग गेलं" असं वाटतं. महिनाभरानं दोनशे टिपणं एकसारखी दिसू लागली की तक्रार बंद होते.

टिपणांत रंग ठेवावा की नाही, यावर मात्र दोन्ही बाजूंनी बोलता येतं. पीडीएफ वाचताना पिवळा म्हणजे महत्त्वाचं, लाल म्हणजे पटलं नाही, हिरवा म्हणजे आपल्या प्रकरणात वापरायचं, असं आपण ठरवून घेतो. तिथे रंगाला अर्थ असतो. पण हे टिपण मार्कडाउनमध्ये, म्हणजे सजावट साध्या चिन्हांनी लिहायच्या मजकुरात काढलं, आणि झोटेरोतून ते तसं काढता येतं, की रंग जातो. मार्कडाउनमध्ये रंगाची तर सोडाच, अंडरलाइनचीही स्वतःची खूण नाही. म्हणून रंगावर भरवसा ठेवणाऱ्यानं सोबत एखादा टॅगही लावावा. पीडीएफवरच्या खुणेला जोडलेल्या शेऱ्यात झोटेरो फक्त चारच साधनं देतं: ठळक, तिरकं, चढतं, उतरतं. दोन ओळींच्या शेऱ्याला तेवढी पुरतात.

आता जॅबरेफची तऱ्हा. हे बिबटेकच्या फायली सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि यात सजावटीच्या बटणांपेक्षा साफसफाईची साधनं जास्त. एचटीएमएलच्या खुणांचं लाटेक करा, लाटेकचं युनिकोड करा, पानांच्या आकड्यांमधली रेघ नीट करा, महिने एकसारखे करा, ठरावीक शब्दांना महिरपी कंस घाला. ही सफाई फाइल साठवताना आपोआप करायलाही सांगता येते. इथे प्रश्न असा की यातलं काय आपोआप चालू ठेवायचं. माझा हिशेब सोपा आहे: जी सफाई उलटवता येते आणि माहितीच दुरुस्त करते, ती चालू. पानांमधली रेघ, महिने, युनिकोड, हे सगळं चालू ठेवावं. इंग्रजी क्रमवाचकातली शेवटची दोन अक्षरं चढवून लाटेकची आज्ञा घालणारं एक साधन त्यात आहे, ते मी बंद ठेवीन. आवृत्ती क्रमांकाच्या रकान्यात लाटेकची आज्ञा बसली की तो रकाना लाटेकबाहेर कुणालाच वाचता येत नाही, आणि क्रमवाचक कसा दिसावा हे ठरवायला शैली समर्थ आहे. शीर्षकाची अक्षरं लहान-मोठी करणारी साधनं तर आपोआप कधीच चालवू नयेत. कॅपिटल अक्षरं एकदा लहान झाली की कुठली मुळात मोठी होती हे फाइल सांगू शकत नाही.

नोंदी आपण हातानं क्वचितच लिहितो. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक टाकला की माहिती बहुधा क्रॉसरेफ या असे क्रमांक नोंदवणाऱ्या संस्थेकडून येते, आणि तिथे ती प्रकाशकानं भरलेली असते. क्रॉसरेफ शीर्षकात तिरकं, ठळक, चढतं-उतरतं, स्मॉल कॅप्स, गणिती समीकरणं यांच्या खुणा स्वीकारतं, पण त्या केवळ दिसण्यासाठी नकोत, अर्थासाठी लागतील तेवढ्याच द्या, असं प्रकाशकांना सांगतं. सगळे ऐकतात असं नाही. त्यामुळे तुमच्या झोटेरोत कधी स्वच्छ शीर्षक येतं, कधी खुणांनी भरलेलं, आणि कधी सपाट: घातांक ओळीत उतरलेला, तो १०६ वाला. नोंद आणल्यावर शीर्षक मूळ पीडीएफशी एकदा ताडून पाहायचं. विज्ञानातल्या याद्यांना हे लागतंच.

राहता राहिलं मराठी. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल हा भेद नाही, म्हणजे दोन साधनं बाद. चढतं-उतरतं लागतं, ते वर आलंच. अडचण आहे ती इटॅलिकची. देवनागरी छपाईत तिरक्या अक्षराची परंपरा नाही. मराठी पुस्तकांत ग्रंथाचं नाव एकेरी अवतरणात किंवा ठळक येत आलं आहे. बहुतेक देवनागरी फाँटांत वेगळी तिरकी अक्षरं काढलेलीच नसतात, संगणक सरळ अक्षरं बाजूला ढकलून तिरकी करतो. त्यात वेलांटी शेजारच्या अक्षरावर चढते आणि शिरोरेघेचं टोक पुढच्या शब्दाला टेकतं. एपीए लावली की यादीतलं प्रत्येक मराठी पुस्तक असं कललेलं दिसतं.

यावर एक युक्ती फिरते: मराठी शीर्षक इटॅलिकच्या खुणांत गुंडाळा. तिरक्यातलं तिरकं सरळ होतं, हा वरचाच नियम, म्हणून एपीएमध्ये पुस्तकाचं नाव सरळ छापलं जातं. चालते ही युक्ती. पण मासिकातल्या लेखाचं शीर्षक एपीएमध्ये सरळच असतं, तिथे हीच खूण त्याला तिरकं करून टाकेल. शैली बदलली की पुस्तकांचंही तेच होईल. नोंदीत खोटी खूण घातल्याची ही किंमत. 'भाषा मराठी असेल तर इटॅलिक नको' असं शैलीला सांगता आलं असतं तर प्रश्नच मिटला असता, पण सीएसएलच्या मूळ नियमांत भाषेची अट घालायची सोय नाही. फ्रँक बेनेट यांनी बहुभाषिक याद्यांसाठी सीएसएलचा एक विस्तार केला आहे, पण नेहमीच्या झोटेरोत तो चालत नाही.

आपल्याकडच्या प्रबंधांत मराठी ग्रंथ आणि इंग्रजी ग्रंथ यांच्या याद्या बहुधा वेगळ्याच छापतात. त्याचा इथे उपयोग होतो. झोटेरोत दोन वेगळे संग्रह करावेत. एपीएच्या शैलीची एक प्रत घेऊन तिच्यात पुस्तकाच्या नावाचं इटॅलिक काढून एकेरी अवतरणचिन्हं घालावीत, आणि ती वेगळ्या नावानं साठवावी. मग मराठी संग्रहावर उजवी कळ दाबून यादी काढताना ही शैली निवडायची, इंग्रजी संग्रहाला मूळची एपीए. नोंदींना हात लावावा लागत नाही, आणि पुढे मराठी नियतकालिकानं अवतरणाऐवजी ठळक मागितलं तर त्या एका फायलीतच बदल करायचा.